पगारातले दोनशे रुपये

पगारपत्रक हाती आले, की आम्ही पांढरपेशे कपातींवर चडफडतो. त्यातल्या व्यवसायकराबद्दल मात्र मी कुरकुर करीत नाही. महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००! हा कर १९७५ साली बसला, तो रोजगार हमीसाठी.

१९७२ च्या दुष्काळात लाखो शेतकरी-मजूर खडी फोडायला उतरले होते. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७७ चा कायदा झाला. खेड्यात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला ते १५ दिवसांत द्यावे, नाही तर बेकारभत्ता. आणि बाईला दर पुरुषाइतकाच! २००५ साली दिल्लीनेही हाच कित्ता गिरवला.

गावातच पाझर तलावाचे काम निघाले, तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन शहर गाठावे लागत नाही. म्हणून वाचकहो, कर जरूर भरावा. पण तो त्या चुलीपर्यंत पोचतो ना, हेही दरसाल विचारावे.