सरकारी पुरवठ्याची पूर्वतयारी

आपल्या सभासदांपैकीं कित्येकांचे लहान तेलघाणे व डाळगिरण्या आहेत. माल चोख असूनही सरकारी निविदा त्यांच्या हातून जाते ती पुष्कळदां दरामुळें नव्हे, कागदामुळें. महसुली दप्तरांत उमर घालविल्यामुळें आम्हांस हें सांगणें प्राप्त आहे. एकाच घाण्याचें नांव पॅन, जीएसटी, बँकखातें व उद्यम नोंदणी यांत चार तऱ्हांनीं लिहिलें असेल, तर छाननींतच अडचण येते. तें आधीं जुळवून घ्यावें. मग २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी बाजारांत नांव घालावें.

केंद्र सरकारच्या खरेदींत, २०१२ च्या आदेशान्वयें, सूक्ष्म व लघु उत्पादकांस बयाणा रक्कम माफ आहे. नीचतम दर मोठ्या कारखानदाराचा असून आपला त्याहून शेंकडा १५ पर्यंत चढा असेल, तर त्या दरास उतरण्याची तयारी दाखविल्यास पुरवठ्याचा कांहीं भाग मिळूं शकतो. निव्वळ अडत्यास मात्र ही सवलत नाहीं!

२००६ च्या कायद्यानें ४५ दिवसांचे आंत पैसे मिळण्याचा हक्क दिला आहे खरा. तथापि दोन-तीन महिन्यांचें भांडवल गांठीं नसतां दर भरणें म्हणजे घाणा गहाण टाकणेंच होय. माल पोंचल्याची सहीशिक्क्याची पावती त्याच दिवशीं मागून घ्यावी.