जंतूचं कवच आणि फाज

गढूळ पाण्याच्या बाटलीवर मार्करने लिहिलंय, 'नाला, पुलाखालचा'. वासाचं विचारूच नका. कार्बापेनेमसारख्या जालीम प्रतिजैविकांनाही न बधणाऱ्या क्लेबसिएला या जंतूला मारणारा विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, याच पाण्यात शोधायचाय. जिथे जंतू फार, तिथे त्यांच्यावर जगणारे फाजही फार.

संशोधक मुलगी त्या पाण्यात पोषक द्रव आणि रुग्णाच्या नमुन्यातला जंतू घालून ते रात्रभर ३७ अंशांवर हलत ठेवते. सकाळी सेंट्रिफ्यूज, मग ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर. जंतू वर अडकतात, फाज खाली उतरतात. हे गाळलेलं पाणी, तोच जंतू आणि पातळ अगार एकत्र करून प्लेटवर ओततात. इथे हात चपळ हवा. अगार फार गरम असेल तर जंतू मरतो, गार झालं तर गुठळ्या.

दुसऱ्या दिवशी तिने प्लेट उजेडात धरली. जंतूंची दुधट साय पसरलेली आणि फाजांनी जंतू मारले तिथे बारीक, स्वच्छ ठिपके. काहींभोवती अंधूक कडं. क्लेबसिएलाच्या अंगावर शर्करेचं जाड कवच असतं. काही फाजांचं एन्झाइम ते विरघळवतं आणि ठिपक्याच्या बाहेरही पसरतं, त्याचं हे कडं.

"कडंवालाच घेते," म्हणत तिने पिपेटच्या टोकाने ठिपका उचलला.

शेजारच्या प्लेटवर मात्र हाच फाज निष्प्रभ. जंतू क्लेबसिएलाच, पण दुसऱ्या रुग्णाचा, कवच वेगळं. म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या जंतूला चालणारा फाज निवडावा लागतो. जॉर्जियातल्या तिबिलिसीत १९२३ पासून एलियावा संस्था हे काम करतेय. पाश्चात्त्य देशांनी मात्र प्रतिजैविकं आल्यावर फाज अडगळीत टाकले. एकच औषध अनेक जंतूंना चालत असताना ही निवडानिवड कोण करणार? २०१६ मध्ये सॅन दिएगोत टॉम पॅटरसन हे रुग्ण फाजमुळे वाचले, पण तिथेही त्यांच्या शरीरातला ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू पहिल्या फाजांना दाद देईनासा झाला आणि नवा शोधावा लागला.

शिवाय फाज जंतू फोडतो तेव्हा जंतूतलं विष, एंडोटॉक्सिन, द्रवात उतरतं. ते काढल्याशिवाय शिरेतून काही देता येत नाही. आयसीयूतला रुग्ण तोवर तग धरेलच असं नाही. त्यामुळे ऐनवेळी नाल्याकडे धावण्याला माझ्या मते फारसा अर्थ नाही. शुद्ध केलेल्या फाजांचा साठा आधीच हवा, कुठला फाज कुठल्या कवचाला चालतो याच्या नोंदींसकट. ही नोंदवही भरण्याचं कंटाळवाणं काम ती मुलगी रोज दुपारी करते.