अटकेची नोंद कोठे पाहावी?

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या टापूतील गलाई व्यावसायिक सोने गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरलेले आहेत. या धंद्याची जोखीम धंद्याबरोबरच आलेली आहे. गाळावयास आलेले सोने कोणाचे, हे त्या सोन्यावर लिहिलेले नसते; आणि चोरीचा माल वितळला गेल्याचा संशय आला, की पोलिसांचा पहिला हात गाळणाऱ्याच्या खांद्यावर पडतो. समजा, असा एक तरुण चंडीगडच्या सराफ बाजारात काम करीत आहे आणि एके रात्री त्याच्या गावी निरोप येतो की, ‘त्याला पोलीस घेऊन गेले.’ कोणते पोलीस, कोठे आणि कशासाठी, यांपैकी काहीच निरोप देणाऱ्यास ठाऊक नाही. दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर बसलेल्या त्याच्या वडिलांनी आता काय करावे?

स्वाभाविक प्रश्न असतो तो आरोपाचा. चंडीगडच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न ‘कोणी नेले’ हाच असावयास हवा. १ नोव्हेंबर १९६६ पासून हे नगर केंद्रशासित प्रदेश असून पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे. नगराचे पोलीस दल केंद्रशासित प्रदेशाचे. पश्चिमेस लागून असलेल्या मोहालीचे पोलीस पंजाब सरकारचे. पूर्वेच्या पंचकुल्याचे हरियाणाचे. या तीन वस्त्यांमधली सरहद्द डोळ्यांना दिसत नाही. एक रस्ता ओलांडला की पोलीस बदलतात, त्यांचे वरिष्ठ बदलतात आणि नोंदवहीही बदलते. चोरी पंचकुल्यात, दुकान चंडीगडात आणि राहण्याची खोली मोहालीत, असे असेल तर नातलगांनी एकाच ठाण्यात जाऊन ‘असा कोणी येथे नाही’ हे उत्तर अखेरचे मानणे योग्य नव्हे. ते उत्तर खरे असू शकते आणि मुलगा दोन मैलांवरच्या दुसऱ्या ठाण्यात असू शकतो. उच्च न्यायालय मात्र तिन्ही प्रदेशांना एकच आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

नोंद असते ती मुळात ठाण्याच्या दैनंदिनीत. पंजाब, हरियाणा आणि चंडीगड या भागांत तिला रोजनामचा म्हणतात. पेशव्यांच्या रोजनिशीशी आणि आपल्या कचेऱ्यांतील रोजनाम्याशी परिचित असलेल्या मराठी माणसास हा शब्द परका वाटू नये. १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने ठाण्याच्या अधिकाऱ्यावर अशी दैनंदिनी ठेवण्याचे बंधन घातले आणि तीत अटक केलेल्या प्रत्येक इसमाचे नाव लिहावे असे स्पष्ट सांगितले. १९३४ च्या पंजाब पोलीस नियमांत हीच वही ‘नोंदवही क्रमांक २’ म्हणून आली. तिच्यातील प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक आणि वेळ असते. अनुक्रमांक आणि वेळ या दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतच वहीचे सारे सामर्थ्य आहे. मंगळवारी रात्री आणलेला माणूस गुरुवारी सकाळी आणला असे दाखवावयाचे, तर मधल्या साऱ्या नोंदी आडव्या येतात.

ही वही कोणासही चाळावयास मिळत नाही. परंतु तिच्यातून निघणारी काही माहिती लोकांपुढे मांडलीच पाहिजे, असा कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमावा लागतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवणे हे त्याचे काम. ही माहिती ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे दर्शविली पाहिजे. संगणकीय माध्यमातून दर्शविली तरी चालते. नियम जितका स्पष्ट आहे तितका त्याचा अंमल सर्वत्र काटेकोर आहे असे म्हणता येणार नाही. म्हणून फलकावर नाव दिसले नाही तर त्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव विचारावे, आणि शक्य तर लेखी विचारावे. संहितेच्या ४८ व्या कलमान्वये अटकेची आणि ठेवलेल्या जागेची खबर आरोपीने सांगितलेल्या नातलगास वा मित्रास देणे, आणि तशीच ती या नेमलेल्या अधिकाऱ्यास देणे, हे पोलिसांचे कर्तव्यच आहे.

हे कर्तव्य एका दिवसात जन्मले नाही. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात अटकेची कारणे सांगण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा नियम आहे. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीपुढे स्वतंत्र कलम म्हणून आणला होता. पुढे मुंबईच्या पोलीस कोठडीत स्त्रियांना मारहाण होते, असे पत्र शीला बर्से या पत्रकार महिलेने सर्वोच्च न्यायालयास लिहिले. त्यावरील १९८३ च्या निकालात अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीस कळवावे असा आदेश निघाला. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधील डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या सरन्यायाधीशांच्या नजरेस आणल्या आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी त्यावर निकाल झाला. अटकेच्या वेळी साक्षीदाराच्या सहीचा कागद करणे, नियंत्रण कक्षास बारा तासांत कळविणे, तेथील फलकावर नोंद लावणे, हे सारे त्या निकालातले. दुसऱ्या जिल्ह्यातील नातलगास तारेने कळवावे असेही त्यात म्हटले होते. तारखाते २०१३ मध्ये बंद झाले. कळविण्याचे बंधन राहिले.

ज्या महिन्यात हा निकाल झाला त्याच महिन्यात पंजाबातील एक आकडा बाहेर आला होता. अमृतसरच्या जसवंतसिंग खालडा यांनी पोलीस ठाण्यांतून मिळणार नाही ती माहिती स्मशानातील वह्यांतून शोधून काढली. बेवारस म्हणून किती प्रेते जाळली आणि त्यांच्यासाठी किती सरपण दिले गेले, याचा हिशेब तेथे होता. पोलिसांचा रोजनामचा गप्प होता, पण सरपणाची वही बोलली. ६ सप्टेंबर १९९५ रोजी खालडांना स्वतःच्याच घरापाशी पकडून नेण्यात आले आणि या अटकेची नोंदही कोठे झाली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने अमृतसर जिल्ह्यातील अशा अंत्यसंस्कारांची संख्या २०९७ सांगितली. खालडांच्या खुनाबद्दल सहा पोलिसांना २००५ मध्ये दोषी ठरविण्यात आले. वहीत एक ओळ न लिहिण्याचा अर्थ काय होऊ शकतो, हे यावरून कळावे.

चंडीगडच्या उच्च न्यायालयाने याच अनुभवातून एक खास रीत पक्की केली आहे. हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदिवानास हजर करण्याच्या आज्ञेसाठीचा, अर्ज आला की न्यायालय वॉरंट ऑफिसर नेमते. हा न्यायालयाचा माणूस पूर्वसूचना न देता ठाण्यावर जातो, कोठड्या पाहतो आणि रोजनामचा मागतो. माणूस आत आहे आणि वहीत नाही, एवढे आढळले तरी पुरे. अलीकडे याला आणखी एक साक्षीदार मिळाला आहे. पंजाबातूनच उद्भवलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि त्यांतील चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. वहीतील वेळ आणि कॅमेऱ्यातील वेळ आता ताडून पाहता येते.

घरबसल्या मिळणारी माहितीही थोडी नाही. २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबर अहवाल नोंदल्यापासून चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यावयास हवा. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. मात्र खबर अहवाल म्हणजे अटकेची नोंद नव्हे. अहवालात नाव असून अटक झालेली नसते, आणि नाव नसताना अटक झालेली असते. चोवीस तास उलटल्यावर शोध ठाण्याऐवजी न्यायालयात घ्यावा. चंडीगडचे जिल्हा न्यायालय सेक्टर ४३ मध्ये आहे आणि न्यायालयीन कोठडी मिळाल्यास बंदिवानाची रवानगी सामान्यतः बुडैलच्या आदर्श कारागृहात होते. कोठडीतील माणसास त्याची प्राप्ती न पाहता मोफत वकील मिळतो; विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी त्यासाठीच आहे. माहितीच्या अधिकाराखालील अर्जात प्रश्न एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल, तर उत्तर ४८ तासांत द्यावे लागते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अटकेची कारणे लेखी द्यावीत, आणि ती आरोपीस समजणाऱ्या भाषेत द्यावीत. निदान दंडाधिकाऱ्यापुढे नेण्यापूर्वी दोन तास तरी ती त्याच्या हाती असावीत. ज्या विट्याच्या तरुणाला मराठीखेरीज दुसरी भाषा धड वाचता येत नाही, त्याला चंडीगडातही मराठी कागद मागता येईल.

या नोंदी कोणी कशासाठी पाहाव्या, हाही प्रश्न आहे. अमेरिकेतील अनेक काउंट्यांत शेरीफ अटक झालेल्यांची नावे छायाचित्रांसह सर्वांपुढे ठेवतो, आणि ती छायाचित्रे पुसण्यासाठी पैसे उकळण्याचा धंदा तेथे उभा राहिला. इंग्लंडमध्ये उलट आहे. आरोप ठेवला जाण्यापूर्वी संशयिताला खाजगीपणाची रास्त अपेक्षा असते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. आपल्याकडे फलक खुला आहे, पण अल्पवयीनांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. पोलिसांची ‘हिस्टरी शीट’ हा त्यांचा अंतर्गत कागद असून तो लोकांपुढे आणू नये, असे २०२४ मध्ये ठरले. त्या निकालात विमुक्त जातींच्या लोकांची नावे अशा याद्यांत सरसकट घुसडली जातात याचीही दखल घेतली गेली. सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणे ज्यांच्या आजोबांनी पाहिली, त्यांना यादी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून आपला तरुण सापडला, सुटला, निर्दोष ठरला, तरी एक काम उरते. रोजनामच्यातील अटकेची नोंद निकालाने पुसली जात नाही. पारपत्राच्या वा नोकरीच्या पडताळणीत ती वर्षांनंतर पुन्हा समोर येते आणि तीत पुढे काय झाले ते लिहिलेले असेलच असे नाही. न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत चंडीगड सोडण्यापूर्वीच मागून घ्यावी; नंतर त्यासाठी पुन्हा तेवढाच प्रवास करावा लागतो.