सावडीची टोबणी

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की आर्णी तालुक्यात कोणालाच कोणासाठी थांबायला सवड नसते. दोन दिवस हुकले तर ओल उडते. अशा घाईत अरुणावतीकाठच्या एका गावातल्या बाया स्वतःची वावरं बाजूला ठेवून आधी एका शेजारणीच्या तीन एकरांत उतरल्या. तिच्या नवऱ्यानं उन्हाळ्यात जीव दिला होता.

शेजारची बैलजोडी पहाटेच आली होती. उभ्या-आडव्या काकऱ्या पडल्या की त्या छेदतात तिथं फुली होते. बाया ओटीत सरकी घेऊन फुलीफुलीवर वाकतात, दोन बोटांनी माती उकरतात, दाणा टाकतात आणि पायाच्या अंगठ्यानं माती लोटतात. दाणा खोल गेला तर उगवत नाही, वर राहिला तर मुंग्या नेतात. ४७५ ग्रॅमच्या पाकिटात एक एकर बसवायचा म्हणून हात सैल सोडता येत नाही. हे सगळं न थांबता, बोलत बोलत चालतं. त्या दिवशीचं बोलणं पावसाचं होतं, तुरीचं तास किती ओळींनी घ्यायचं याचं होतं. गेलेल्या माणसाचा विषय कोणी काढला नाही. "तू बस, आमी टोबतो," असं तिला म्हणून झालं, पण ती ओटी बांधून ओळीत उभी राहिली तेव्हा कोणी अडवलं नाही. मला ते फार मोलाचं वाटलं.

याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको-मुलांसह जीवन संपवलं. त्यांच्या आठवणीत आता त्या तारखेला अनेक जण उपवास करतात. शेतकऱ्याची आत्महत्या 'पात्र' ठरली तर सरकारची १ लाखाची मदत मिळते, त्यातले ७० हजार ठेवीत जातात. पण कागद फिरत असतात, सातबाऱ्यावर नवऱ्याचंच नाव असतं, पीककर्ज अडतं, आणि मृग काही थांबत नाही. म्हणून टोबणीचा हा एक दिवस त्या घरासाठी अख्ख्या हंगामाइतका असतो.

दुपारी धुऱ्यावर बेसन-भाकर झाली. मजुरीचा विषय निघालाच नाही. सावडीचा, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाचा, हिशेब मात्र त्या शेजारणीच्या तोंडी पक्का होता. प्रत्येकीकडे एक दिवस निंदण, आणि बैलजोडीवाल्याकडे तीन दिवस, कारण जोडीच्या एका दिवसाला माणसाचे तीन धरायचे ठरलं होतं. एकीनं "राहू दे" म्हटलं, तर ती म्हणाली, "तसं नोको म्हनू. मी येईन निंदाले."

अडचण होती ती एका काकूंची. त्यांना वावरच नाही, मग फेडायचं कुठं? हंगामातली चढी मजुरी बुडवून त्या आल्या होत्या. तिनं त्यांना सांगून ठेवलं, की वेचणी सरल्यावर तिन्ही एकरांतली पऱ्हाटी सरपणाला त्यांचीच, आणि तुरीचा सर्वाही त्यांनीच वेचायचा. काकूंनी मान हलवली आणि उरलेल्या ओळीकडे वळल्या.