सासूबाईंचा पलंग

"तुझी चादर सकाळी उठल्यावरसुद्धा अशी ताठ कशी असते गं?" असे मैत्रिणी मला विचारतात, तेव्हा माझी कॉलर ताठ व्हायची. 'व्हायची' असे मी मुद्दाम म्हणते. का, ते पुढे येईलच.

गिरगावातल्या चाळीत जन्म गेलेल्या बाईला पलंग सजवणे ही कल्पनाच मुळी नवी. आमच्याकडे अंथरूण रात्री घालायचे आणि सकाळी काढायचे. सहाच्या ठोक्याला वळकट्या पेट्यांवर चढल्या, की त्याच खोलीत चहा, अभ्यास, पाहुणे, सारे काही. दिवसाउजेडी अंथरूण दिसले, म्हणजे घरात कुणीतरी आजारी तरी आहे, नाहीतर आळशी तरी! तीन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीला दोन बेडरूमच्या ब्लॉकमध्ये आलो, आणि सगळाच मामला उलटा झाला. इथे अंथरूण दिवसभर दिसायचेच. नव्हे, दिसावे म्हणूनच ते घालायचे.

पहिला धडा चादरीनेच शिकवला. दुकानात 'डबल बेड' असे लिहिलेली नव्वद इंच रुंद आणि शंभर इंच लांब चादर मी मोठ्या हौसेने आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या पायांत गोळा झालेली! मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. आमची गादी बहात्तर इंच रुंद, अठ्ठ्याहत्तर इंच लांब आणि आठ इंच जाड. बहात्तरात दोन्ही बाजूंच्या जाडीचे सोळा मिळवा. झाले अठ्ठ्याऐंशी. म्हणजे गादीखाली खोचायला उरले एकेका बाजूला एक इंच! ती बिचारी टिकणार कशी? एकशेआठ इंची चौरस चादर आणली, तेव्हा रुंदीकडून दहा-दहा आणि लांबीकडून सात-सात इंच खोचायला मिळाले. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण त्याआधी गादी मोजून अंथरूण घ्यावे.

कोपऱ्यांची घडी मला शेजारच्या निवृत्त परिचारिका बाईंनी शिकवली. पायथ्याची बाजू आधी पूर्ण खोचायची. मग कोपऱ्यापासून हातभर अंतरावर बाजूची लोंबती कड उचलून गादीवर तिरकी टाकायची, की तिचा त्रिकोण होतो. खाली जे लोंबत राहील ते गादीखाली सारायचे, वरचा त्रिकोण खाली ओढायचा आणि तोही खोचायचा. चार दिवस हात चुकतो, पाचव्या दिवशी बसतो. रुग्ण कितीही तळमळला तरी चादरीला सुरकुती पडू नये, म्हणून दवाखान्यात हीच घडी घालतात.

एवढे जमल्यावर मी सासूबाईंच्या खोलीकडे वळले. त्या तोवर गावी दिरांकडे होत्या, गणपतीनंतर आमच्याकडे कायमच्या येणार होत्या. त्यांच्यासाठी खाली कप्पे असलेला पलंग करवून घेतला. वर दहा इंची फोमची गादी, फिकट बदामी चादर, त्यावर रजईसारखा शिवलेला पलंगपोस, दोन उशा आणि त्यांच्यापुढे झालरीच्या तीन छोट्या उशा. खोली अशी दिसू लागली, की आल्यागेल्याला मी आधी तीच दाखवीत असे.

सासूबाईंनी तो पलंग फार नीट ठेवला. मी चहा घेऊन जाई, तेव्हा पलंगपोस बसवलेला आणि झालरीच्या उशा रांगेत! मुलांना मी म्हणत असे, "आजीकडून शिका जरा." तक्रार एकच होती: कप्प्याची कडी दोनदा निखळली. मी सुताराला फोन करून चांगले फैलावर घेतले.

नरकचतुर्दशीला पहाटे चारलाच मी उठले. पाणी तापत ठेवले, वाटीत तेल घेतले आणि त्यांना उठवायला गेले. दिवा लावला, तर पलंगावर कोणी नाही! पलंगपोस जसाच्या तसा. आणि खाली सतरंजीवर, जुनी गोधडी अंगावर ओढून, सासूबाई कुशीवर झोपलेल्या.

त्या दचकून उठू लागल्या. एक हात जमिनीवर, दुसऱ्याने कप्प्याची कडी धरलेली. ती कडी का निखळत होती, ते मला तेव्हा कळले.

"आई, अहो, केव्हापासून?"

"अगं, पाय टेकत नाहीत माझे," त्या अगदी अपराधी आवाजात म्हणाल्या. "रात्री दोनदा उठावं लागतं. काठावर बसले की गादी खाली दबते, घसरल्यासारखं होतं. आणि तू एवढ्या हौसेनं केलंस..."

दीड महिना! गुडघे दुखणारी बाई दीड महिना फरशीवर झोपली, आणि मला कळू नये म्हणून रोज पहाटे सतरंजी कपाटात लपवीत राहिली. मी मात्र मैत्रिणींना उशांची रांग दाखवीत होते. त्या दिवशी फराळाचा घास माझ्या घशाखाली उतरेना.

भाऊबीज झाल्यावर टेप काढली. पलंग पंधरा इंच, गादी दहा, एकूण पंचवीस. सासूबाईंच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत सतरा! म्हाताऱ्या माणसाचा पलंग कसा असावा, तर काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतील असा. हे साधे माप मी घेतलेच नव्हते. माळ्यावर चाळीतली जुनी गादी होती. ती गादी कारखान्यात नेऊन कापूस पुन्हा पिंजून घेतला. दारावर येणारा पिंजारी आमच्या भागात कधीच दिसला नाही, तिथे यंत्र असते. नव्या कापडात जेमतेम तीन इंचांची गादी भरून आणली. कापसाची गादी काठावर फोमसारखी दबत नाही. मात्र तिला महिन्यातून एकदा ऊन दाखवावे लागते, नाहीतर ओल धरून ती दगडासारखी होते. पलंगाच्या काठाला सुताराकडून धरायला एक दांडा बसवला. त्याची क्षमाही मागितली.

वर आता सुती चादर आणि पायथ्याशी सासऱ्यांच्या धोतरांची ती गोधडी. झालरीच्या उशा धाकटीच्या भातुकलीत गेल्या.

सासूबाई माझ्या पलंगावरही नजर ठेवू लागल्या आहेत. उठल्याबरोबर मी चादर खोचू लागले, की म्हणतात, "थांब गं, जरा वारा लागू दे त्याला." इंग्लंडमधील किंग्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीही २००५ साली असेच काहीसे सांगितले होते, की रात्रीची ओल उडून जाऊ दिली तर गादीतल्या सूक्ष्म किडींना जगणे अवघड जाते. मी ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकले न ऐकलेसे केले आणि सुई-दोरा मागितला. माझ्या प्रत्येक चादरीच्या एका कोपऱ्यात त्यांनी लाल दोऱ्याचे दोन टाके घातले.

"हे काय, आई?"

"पायथा," त्या म्हणाल्या. "काल तू तो उशाशी घातला होतास."