पाचारण टिकते कशावर?

सेवेत उतरताना प्रत्येकाच्या मनात उभारी असते. खरी परीक्षा पाच-सात वर्षांनी सुरू होते. मंडळीत तीच वीस माणसे, पगार दोन-दोन महिने थकलेला, मुलांच्या फीचा तगादा, आणि नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न: अजून किती दिवस हे करणार? अमरावती, अकोला, यवतमाळकडे काम करणारे पाळक आणि सुवार्तिक, मिशनच्या दवाखान्यातल्या परिचारिका, शाळांमधल्या सिस्टर यांना हे नवीन नाही. याच मातीत पूर्वी राबून गेलेल्या माणसांकडे पाहून या प्रश्नाचा विचार करू. सांगायचे आहे ते एवढेच: पाचारण मनाच्या उभारीवर टिकत नाही. ते रोजच्या ठरलेल्या कामावर, सोबतीवर आणि वेळेवर घेतलेल्या विश्रांतीवर टिकते.

पाचारण कोणाला असते?

व्यासपीठावर उभे राहणाऱ्यालाच पाचारण असते, हा समज चुकीचा आहे. एखाद्या कामासाठी देवाने आपल्याला बोलावले आहे, हे प्रार्थनेत उमगते आणि मंडळीच्या साक्षीने पक्के होते, तेच पाचारण. मग ते काम उपदेशाचे असो, जखमा धुण्याचे असो किंवा मुलांना शिकवण्याचे. करिंथकरांस लिहिताना पौल कारभाऱ्याकडून विश्वासूपणाची अपेक्षा करतो. किती माणसे जमवली, याचा हिशेब तो मागत नाही. खचलेल्या सेवकाने आधी हे ध्यानात घ्यावे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण आकड्यांनी खचतात.

अचलपूर आणि अकोला: पहिली वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, येथे आल्बर्ट नॉर्टन यांनी काम सुरू केले. अमेरिकेहून आलेल्या जेनी फ्रो त्या कामात सामील झाल्या. पुढे मार्कस फुलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि या दांपत्याने अकोला हे कार्यक्षेत्र निवडले. १८८१ मध्ये अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे फ्री मेथॉडिस्ट जोडपे भारतात आले. बऱ्हाणपूर आणि एलिचपूर या भागात त्यांनी सुरुवात केली. या माणसांच्या पाठीशी मोठी संस्था नव्हती. देणग्या येतील तसे घर चालायचे. भाषा नवी, उन्हाळा भाजून काढणारा, आणि ऐकणारे थोडे.

फीबी वॉर्ड १९१० मध्ये वारल्या. फ्री मेथॉडिस्ट मंडळीचे काम पुढे यवतमाळला रुजले. १९५३ मध्ये तेथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि देशभरच्या मंडळ्यांना तिने पाळक दिले. ही सेमिनरी फीबीबाईंनी पाहिली नाही. पेरणारा आणि कापणारा वेगळा असतो, हे योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो. वऱ्हाडात ते असे अक्षरशः घडले.

दुष्काळाने कामाचे रूप बदलले

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले. तोवर अकोल्याचे काम ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे आले होते. अनाथ मुलांसाठी अकोल्यात आणि मुलींसाठी खामगावात आश्रम चालले. प्रवचनाची तयारी करून आलेल्या माणसांना आता धान्य, अंथरूण-पांघरूण आणि तापाच्या रोग्यांची व्यवस्था पाहावी लागली. याच काळात पंडिता रमाबाई दुष्काळी मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात आणले.

जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९०० मध्ये निघाले, प्रस्तावना रमाबाईंची होती. त्याच वर्षी जेनीबाई वारल्या. त्यांनी स्वतःसाठी आखलेल्या वाटेवर दुष्काळ नव्हता. तरी समोर आलेले दुःख हेच काम, असे त्यांनी मानले. आपल्या सेवेत अचानक आजारपण, पूर किंवा कोणाच्या घरची आत्महत्या येते, तेव्हा 'माझे खरे काम अडले' असे वाटते. बहुतेक वेळा खरे काम तेच असते.

फळ दिसत नाही तेव्हा

मेळघाटात कोरकू लोकांमध्ये काम करणारे जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कोरकू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिची नाती झारखंडकडच्या संथाली आणि मुंडारीशी; मराठी किंवा हिंदीचा आधार तेथे फारसा चालत नाही. एक, दोन आणि अनेक अशी तीन वचने तिच्यात आहेत. म्हणजे दोघे आले आणि पुष्कळ जण आले, यासाठी वेगळी रूपे. अशी भाषा पाड्यावर बसून, पुन्हापुन्हा विचारून आणि चुका सुधारून घेतच लिहावी लागते. या कामाला टाळ्या पडत नाहीत, आणि ते सोडून दिले तरी कोणी जाब विचारत नाही. म्हणूनच ते विश्वासूपणाचे काम आहे.

परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी लेप्रसी मिशनचा दवाखाना उभा राहिला. कुष्ठसेवेतला रोजचा पाठ अगदी साधा. बधिर झालेला पाय पाण्यात भिजवायचा, घट्टे हलक्या हाताने घासायचे, तेल लावायचे आणि खडा-काटा रुतला आहे का, ते डोळ्यांनी पाहायचे, कारण पायाला कळत नाही. बरी झालेली जखम महिन्याभराने पुन्हा उघडते, आणि तोच माणूस परत येतो. तेव्हा न चिडता पुन्हा घमेल्यात पाणी ओतावे लागते. पाचारण टिकते ते अशा ठिकाणी.

घरची माणसे दुरावतात तेव्हा

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षे वेगळे राहिले. ही ताटातूट दोघांनाही किती जड गेली, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचायला मिळते. पुढे त्या परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही आपल्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. घरच्यांवर जोर करून त्यांना सोबत ओढता येत नाही. वाट पाहावी लागते. आणि एकाचे अपुरे राहिलेले काम दुसरा पुरे करू शकतो, म्हणून सगळे आपल्याच हातून व्हायला हवे हा हट्ट सोडावा.

खचणे म्हणजे अविश्वास नव्हे

'१ राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलिया संदेष्टा मरण मागतो. कर्मेल डोंगरावरचा मोठा विजय नुकताच झालेला असतो. पण ईजबेलची धमकी येते, तो पळतो, सोबतचा चाकर बैरशेब्यात ठेवून एकटाच रानात जातो आणि झुडपाखाली पडून राहतो. देव त्याला काय देतो, ते क्रमाने पाहा: झोप, निखाऱ्यावरची भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा जेवण. शिकवण त्यानंतर येते. मग होरेब डोंगरावर त्याला पुढचे काम मिळते, अलीशा नावाचा सोबती मिळतो, आणि तू एकटा नाहीस, सात हजार जण उरले आहेत, हेही कळते. एलियाला एकाही शब्दाने अविश्वासी म्हटलेले नाही.

स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. देवापुढे रडगाणे गायला लाज वाटू देऊ नये. त्याच्यापुढे ते गाणारा अजून त्याच्याशी बोलतो आहे. मात्र झोप उडाली, जेवण जाईना, मरणाचे विचार घोळू लागले, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही गाठावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

टिकण्याच्या सवयी

- दिवसाचे एक काम ठरलेले ठेवावे: एक अध्याय, एक घरभेट, एका रुग्णाची चौकशी. मन लागो न लागो, तेवढे करावे.
- आठवड्यातून एक दिवस खरोखर सुट्टीचा असावा. रविवार हा पाळकाच्या विश्रांतीचा दिवस नसतो.
- मंडळीबाहेरचा एक तरी मित्र असावा, ज्याच्यापुढे खरे बोलता येईल.
- गरज असेल ते मागावे. तीमथ्याला लिहिताना तुरुंगातला पौल आपला झगा आणि पुस्तके घेऊन यायला सांगतो, आणि हिवाळ्यापूर्वी ये म्हणतो. मागण्याने पाचारण हलके होत नाही.
- दुसऱ्याच्या मंडळीचे फोटो मोबाइलवर पाहून आपल्या सेवेचे मोल ठरवू नये.

जागा सोडणे म्हणजे पाचारण सोडणे का?

नेहमीच नाही. फुलर दांपत्याने अकोल्यानंतर मुंबईत काम केले. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ सुरू केला. निर्णय घेण्यापूर्वी मात्र स्वतःला विचारावे: मी थकलो आहे, की माझे येथले काम संपले आहे? थकव्यात घेतलेला निर्णय विश्रांतीनंतर पुन्हा तपासावा, आणि एकट्याने घेऊ नये. जेथे छळ होतो किंवा अन्यायावर पांघरूण घालायला सांगितले जाते, तेथे मुकाट्याने राहणे हा विश्वासूपणा नव्हे.

मंडळीचा वाटा

सेवक टिकावा असे वाटत असेल, तर त्याचे ओझे मंडळीनेही उचलायला हवे. पगार ठरल्या तारखेला द्यावा. तो दान नाही, देणे आहे. पाळकाच्या पत्नीला बिनपगारी कामगार समजू नये. मुलांच्या शिक्षणाची चौकशी करावी. वर्षातून एकदा त्या कुटुंबाला आठवडाभर निर्धास्त बाहेर जाता येईल, अशी व्यवस्था करावी आणि त्या रविवारची उपासना मंडळीच्या वडीलजनांनी चालवावी. पुढच्या पंच-सभेत हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत, ठराव करावा आणि तो पाळावा. एकाचे पाचारण सगळ्या मंडळीने जपले, तरच ते वर्षानुवर्षे टिकते.