दुपारी दार लागत नाही? लॉक लगेच बदलू नका

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा 45 अंशांवर गेला, की डबल ग्लासची यूपीव्हीसी दारं सकाळी नीट लागतात, दुपारी अडतात. दोष बहुतेकदा लॉकचा नसतोच. तापमान 30 अंशांनी वाढलं, तर 2 मीटरचा पल्ला साधारण 4 मिलिमीटर लांबतो. लॉकची जीभ खाचेत बसत नाही. अशा वेळी हँडलवर जोर केला, की आतला गिअरबॉक्स तुटतो; खरा खर्च तिथे.

दार उघडं ठेवून हँडल फिरवून बघा. सहज फिरलं तर लॉक ठीक आहे, बिजागरी ॲलन कीनं किंचित सरकवून घ्या. तरीही अडकलं तर गिअरबॉक्स गेला. नवा आणताना जुना काढून दुकानात न्या, मापं वेगवेगळी असतात. आणि खोबरेल तेल नको, धूळ त्यालाच चिकटते. सिलिकॉन स्प्रे मारा.